भातावरचा बांगडा आणि दवाखान्यातलं पाकीट

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवरुखजवळच्या गावातलं घर. नऊ महिन्यांचा लॅब्रॅडोर, मुंबईच्या भावाने आणून ठेवलेला. पडवीत आपणहून येऊन राहिलेला एक गावठी कुत्रा आणि दोन मांजरं. आजवर सगळ्यांना घरचंच: भात, माशाचं कालवण, कधी अंडं, मांजरांना दूधभात. आता डॉक्टर म्हणतात, भात-मासे ताबडतोब बंद, नाहीतर किडन्या जातील. सगळ्यांना कुत्र्या-मांजरांच्या तयार खाद्याचं पाकीट चालू करा. पाकीट त्यांच्याच दवाखान्यात मिळतं. शेजारचे काका म्हणतात, ‘सगळ्या डॉक्टरांना कंपनीचं कमिशन असतं.’ खरं कोणाचं धरायचं?

आधी माझाच हिशेब मांडतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. सव्वीस वर्षं मी रत्नागिरी जिल्ह्यात जनावरांची डॉक्टरकी करतोय. पहिली सात पंचायत समितीच्या दवाखान्यात, गाई-म्हशी-बकऱ्यांमागे. नंतर स्वतःचा दवाखाना टाकला. तिथे आता बहुतेक पेशंट कुत्री-मांजरंच असतात. दवाखान्यात पाकिटांचे दोन रॅक आहेत. ती मी विकतो, त्यावर मला मार्जिन मिळतं, जागेचं भाडं त्यातून सुटतं. कंपनीच्या खर्चाने एकदा गोव्याला आणि दोनदा पुण्याला जाऊन आलोय.

तेव्हा काका अर्धे बरोबर आहेत. मार्जिन असतं, दुकानदाराला असतं तसंच. दहा बॅगांवर एक फुकट अशा स्कीम असतात, दिवाळीला भेट येते. पण मार्जिनसाठी जाणूनबुजून खोटं बोलणारे डॉक्टर मी थोडेच पाहिले. मनापासून पटलंय म्हणून पाकीट लिहून देणारे भरपूर पाहिले, आणि बरीच वर्षं त्यांच्यात मीही होतो. ते पटतं कसं, हे काकांना माहीत नाही.

मी शिकलो तेव्हा पशुपोषण हा विषय चांगला जाडजूड होता. दहा लिटर दूध देणाऱ्या म्हशीला पेंड किती, हिरवी वैरण किती, कोंबडीच्या खाद्यात लायसिन किती, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. कुत्र्या-मांजराचं खाणं म्हणजे शेवटची चार पानं, परीक्षेला ‘टिपा लिहा’मध्ये येणारी. त्यात चूकही काही नव्हती. देशाला दूध आणि अंडी हवी होती, पॉमेरेनियन नव्हे.

मग दवाखाना टाकला आणि पहिल्याच आठवड्यात एक टाय लावलेला मुलगा आला. खाद्य कंपनीचा एमआर, म्हणजे प्रतिनिधी. मे महिना, पंखा बंद, लाइट गेलेली, आणि तो पठ्ठ्या चाळीस मिनिटं तक्ते उघडून बोलत होता. पिल्लाच्या हाडांना कॅल्शियम आणि फॉस्फरस कुठल्या प्रमाणात लागतं, मोठ्या जातींची पिल्लं फार भरभर वाढू का देऊ नयेत, मांजराला टॉरिन हे मांस-माशातलं पोषकद्रव्य का लागतं. कुत्र्याच्या पोषणावरचं माझ्या आयुष्यातलं पहिलं सलग व्याख्यान मी त्याच्याकडून ऐकलं, आणि खरं सांगायचं तर ते चांगलं होतं. त्यातलं बहुतेक सगळं आजही बरोबर आहे. फक्त त्याच्या तक्त्यांत भात नव्हता. नाचणी नव्हती, बांगडा नव्हता, अंड्याचं कवच नव्हतं. असणार तरी कसं? भाताची कंपनी कुठे असते एमआर पाठवायला!

जाताना तो भिंतीवर लावायला जातींचा तक्ता देऊन गेला, पेनं देऊन गेला, आणि शंभर लसीकरणाची पुस्तकं. ते पुस्तक तुमच्याकडेही असेल. लॅब्रॅडोरला पहिली लस दिली तेव्हा मिळालं असेल. उघडून बघा. पहिल्या पानावर पिल्लाचं नाव, जन्मतारीख, मालकाचा फोन. मधे लसींचे स्टिकर लावायच्या चौकटी. आणि मागच्या आतल्या पानावर ‘काय खाऊ घालावे’, त्याखाली वयानुसार ग्रॅम आणि पाकिटाचं चित्र. त्यावर माझी सही आणि शिक्का. बोलणं कंपनीचं, सही माझी. मी ते पान लिहिलेलं नाही, पण घरोघरी ते ‘डॉक्टरांनी सांगितलेलं’ म्हणून गेलं. आपल्याकडे तर पाकिटातल्या दाण्यांना लोक सरळ ‘पेडिग्री’च म्हणतात, मग पाकीट कुठल्याही कंपनीचं असो.

गोव्याच्या कार्यक्रमाचंही सांगतो. विषय होता घरचं अन्न आणि त्याचे धोके. वक्ते अभ्यासू होते. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, शिजवलेल्या कोंबडीच्या हाडाचे कपचे आतड्यात रुततात, नुसत्या मटण-भातावर वाढलेल्या पिल्लाच्या हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं. एकही वाक्य खोटं नव्हतं. पण हे धोके घरच्या घरी टाळायचे कसे, हे ना त्यांनी सांगितलं ना आमच्यापैकी कोणी विचारलं. आम्ही उठलो आणि जेवणातल्या सुरमईवर तुटून पडलो.

माणसांच्या डॉक्टरांनी औषध कंपन्यांच्या भेटी आणि सहली घेऊ नयेत, असा नियम मेडिकल कौन्सिलने २००९ साली केला. दाण्यांची पिशवी काही औषधात मोडत नाही. आणि भेटवस्तू बंद केल्या तरी ते मागचं पान कोण लिहिणार, हा प्रश्न उरतोच.

ही गोष्ट सुरू कुठे झाली तेही पाहण्यासारखं आहे. १९३९ साली अमेरिकेत मार्क मॉरिस नावाच्या पशुवैद्याकडे एका अंध माणसाचा वाटाड्या कुत्रा आला. नाव बडी, किडन्या निकामी होत चाललेल्या. मॉरिसने त्याच्यासाठी कमी प्रथिनांचं, कमी मिठाचं अन्न स्वतः शिजवलं आणि तो सुधारला. मागणी वाढली तसं १९४८ मध्ये त्याने हिल नावाच्या कारखान्याशी करार केला. आजचं हिल्स ते हेच, १९७६ पासून कोलगेट-पामोलिव्हच्या मालकीचं. रॉयल कॅनिनही १९६८ मध्ये एका फ्रेंच पशुवैद्यानेच काढली, आज ती मार्सकडे आहे. प्युरिना २००१ मध्ये नेस्लेने घेतली. म्हणजे पाकिटातला पहिला आहार कंपनीने डॉक्टरच्या गळ्यात मारला नाही, तो डॉक्टरच्या चुलीवरून कारखान्यात गेला. आमच्या धंद्याला त्याबद्दल आपलेपणा वाटतो तो यामुळे. पुढे सगळं उलटं फिरलं. मार्सने २०१७ मध्ये व्हीसीए ही अमेरिकेतली पशुदवाखान्यांची मोठी साखळी विकत घेतली, तिच्याबरोबर रक्त तपासणीच्या प्रयोगशाळाही आल्या. दवाखाना, लॅब आणि खाद्य, तिन्ही एका मालकाचं. आमच्या रत्नागिरीत दवाखाना अजून एकट्या डॉक्टरचाच असतो, पण आम्ही शिकतो ते ज्ञान त्याच ओढ्यातून वाहत येतं.

आता कोणी म्हणेल, कंपनीच्या पैशाने झालेलं संशोधन म्हणजे सगळं खोटं. तसंही नाही. प्युरिनाने अठ्ठेचाळीस लॅब्रॅडोरांवर चौदा वर्षं एक प्रयोग केला. भावंडांच्या जोड्या लावल्या. एकाला जितकं दिलं त्याच्या पाऊण दुसऱ्याला. कमी खाणारे सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले, आणि त्यांचे सांधे उशिरा दुखायला लागले. २००२ मध्ये हे छापून आलं. खाद्य विकणाऱ्या कंपनीच्याच पैशातून ‘कमी वाढा’ असं निघालं. तुमच्या लॅब्रॅडोरसाठी मला या उत्तरात एकच गोष्ट सांगायची मुभा असती, तर मी हीच सांगितली असती. मिनेसोटा विद्यापीठात जगभरातून आलेले मूतखडे तपासून मिळतात, तेही हिल्सच्या देणगीवर. मांजराचा विशिष्ट प्रकारचा मूतखडा नुसत्या आहाराने विरघळतो, हे ज्ञान अशाच वाटेने आलं, आणि त्यामुळे माझ्या टेबलावर लघवी तुंबून आलेले कित्येक बोके ऑपरेशनवाचून घरी गेले.

खोट आहे ती कोणते प्रश्न विचारले जातात त्यात. दोन पाकिटांची तुलना करायला पैसा मिळतो, पाकिटाची आणि भात-बांगड्याची तुलना करायला कोण देणार? वीस वर्षं अंगणात भात-कालवण खाऊन जगलेल्या गावठी कुत्र्याची नोंद कोणी ठेवत नाही, आणि त्याच भातावर सहाव्या महिन्यात पाय वाकडे झालेल्या पिल्लाचीही नाही. मग डॉक्टर काय करतो? ज्याचं माप आहे ते सांगतो. ज्याचं माप नाही त्याला ‘बंद करा’ म्हणतो. तुमच्या डॉक्टरांनी हेच केलंय.

आणि पाकिटं तरी कुठे पहिल्यापासून शहाणी होती? १९८० च्या दशकात विकतच्या खाण्यावरची मांजरं हृदय फुगून मरत होती. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की खाद्यात टॉरिन कमी पडतंय. मग कंपन्यांनी ते वाढवलं आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. २००७ मध्ये चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे घातक रसायन सापडलं, २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या डब्यांत ड जीवनसत्त्व भलतंच जास्त निघालं. पाकीट चुकलं की निदान कुठला लॉट ते कळतं, माल परत मागवला जातो. हा त्याचा मोठा गुण. घरची वाटी चुकली तर ती रोज तशीच चुकत राहते आणि कोणाला पत्ता लागत नाही.

धान्यविरहित खाद्याचं प्रकरण तर अजून मिटलेलं नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध खात्याने, कळवलं की डाळी-वाटाणे भरपूर असलेली, धान्य नसलेली पाकिटं खाणाऱ्या कुत्र्यांत हृदयाचा आजार दिसतोय. २०१९ मध्ये ब्रँडची नावंही जाहीर झाली. हा आवाज उठवणाऱ्यांपैकी काही संशोधकांना जुन्या मोठ्या कंपन्यांचं अनुदान होतं, हे त्यांच्याच लेखांत जाहीर केलेलं. २०२२ अखेर एफडीएने सांगितलं की ठोस नवं काही हाती आल्याशिवाय आता आम्ही बोलणार नाही. मला विचाराल तर आजारही खरा असू शकतो आणि अनुदानही खरं. हृदयाचा आजार असलेला कुत्रा आला की मी खाणं विचारतो, आणि तसलं पाकीट असेल तर बदलायला सांगतो. त्यात कोणाचा फायदा होतो हे बघत बसत नाही.

‘प्रिस्क्रिप्शन डाएट’ या शब्दाबद्दलही थोडं. नावावरून वाटतं की त्यात औषध आहे आणि चिठ्ठीशिवाय ते विकणं गुन्हा आहे. तसं काही नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये ग्राहकांनी याच मुद्द्यावर मोठ्या कंपन्यांवर दावा लावला, की कायद्यात चिठ्ठीची अट नसताना चिठ्ठीचा देखावा करून जास्त पैसे घेतले. खालच्या कोर्टाने फेटाळलेला तो दावा २०२० मध्ये अपील कोर्टाने पुन्हा उभा केला. आपल्याकडे तर पाकिटांवर एकूणच पकड सैल. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातल्या अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलंच आहे. भारतीय मानक ब्युरोचं कुत्र्या-मांजराच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक आहे, पण पाळणं ऐच्छिक. पाकिटावर ‘ॲफको’ वाचलंत तर तेवढ्यानेही हुरळून जाऊ नका. ती अमेरिकेतली संस्था फक्त मापं ठरवते, कुठल्याही पाकिटाला मान्यता देत नाही. तिच्या पद्धतीची खाऊ घालून बघण्याची चाचणी म्हणजे किमान आठ कुत्री आणि सव्वीस आठवडे.

आता माझी चूक. पावस गावाहून एक स्पिट्झ कुत्रा आला, अकरा वर्षांचा, दोन दिवस उलट्या. रक्त तपासलं, क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) १.८, जरा जास्त. नुकताच एका कार्यक्रमात जाऊन आलो होतो, ‘किडनी लवकर ओळखा’ डोक्यात घोळत होतं. लघवीची घनता पाहिली नाही, सलाइन लावून पुन्हा रक्त तपासलं नाही. किडनीचं पाकीट सुरू केलं. दोन महिन्यांनी क्रिएटिनिन १.१. मी खूश, मालक खूश. पाचव्या महिन्यात कुत्र्याच्या पाठीचे मणके बोटाने मोजता येऊ लागले. मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले माझे एक ज्येष्ठ स्नेही सुट्टीला आले होते, त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, ‘अरे, क्रिएटिनिन येतं कुठून?’ स्नायूंमधून येतं. कुत्र्याचे स्नायूच झडत होते, म्हणून आकडा खाली येत होता, आणि मी त्याचं श्रेय पाकिटाला देत होतो. मुळात त्याची किडनी ठीकच होती. उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं होतं, एवढंच. त्याला अंडी आणि कोंबडी सुरू केली, तो भरला. पाच महिन्यांच्या पाकिटांचे पैसे मालकांनी मागितले नाहीत. मीही देऊ केले नाहीत, हे आता लिहिताना लाज वाटते.

म्हणून तुमच्या डॉक्टरांच्या किडनीच्या वाक्याबद्दल स्पष्ट सांगतो: निरोगी कुत्र्याची किडनी भात-माशाने जात नाही. कमी प्रथिनांचा आहार किडनी बिघडलेल्यांसाठी आहे, बिघडू नये म्हणून सगळ्यांसाठी नाही. आपल्याकडे किडन्या घालवतो तो पावसाळ्यातला लेप्टो, शेताच्या बांधावरचं उंदरांच्या मुताचं पाणी. घालवतात त्या माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या, कुत्रा लंगडला म्हणून प्रेमाने दिलेल्या. गोचीड तापही हातभार लावतो. लस-पुस्तकात लेप्टोचा स्टिकर यंदाचा आहे का, ते आज रात्रीच्या भाताआधी बघा.

पण म्हणून घरची वाटी निर्दोष, असंही कोणी समजू नये. खारवीवाड्यातल्या एका आजींनी टोपलीत घालून बोका आणला होता. पोटाला हात लावला की ओरडायचा, अंगात ताप, कातडीखाली गाठी-गाठी. तो महिनोन्महिने फक्त तारली खात होता. तेलकट मासा सतत, आणि ई जीवनसत्त्वाचा पत्ता नाही, की मांजराची चरबी पिवळी पडून सुजते. तारली बंद करा म्हटल्यावर आजी म्हणाल्या, ‘मांजरानं मासं नाय खायाचं तं काय पेज प्यायाची?’ माझ्या तोंडात पाकिटाचं नाव आलं होतं, पण त्यांच्या पिशवीकडे बघून गिळलं. तारलीच्या जागी मांदेली, ढोमा, कोंबडीचे तुकडे आणि ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल अशी गाडी लावली. बोका बरा व्हायला बरेच आठवडे लागले. तारली आणि मांदेलीतला हा फरक मला कुठल्याही एमआरने सांगितलेला नव्हता, आणि त्याबद्दल त्याला दोष कसा द्यायचा?

तुमच्या चौघांचं आता वेगवेगळं बघू.

लॅब्रॅडोरबद्दल मी तुमच्या डॉक्टरांच्या बाजूचा आहे. वाढतं मोठ्या जातीचं पिल्लू म्हणजे घरच्या अंदाजाने चालवायची गोष्ट नव्हे. हाड नसलेल्या मांसात कॅल्शियम फॉस्फरसच्या मानाने फारच थोडं असतं, पिल्लाला ते निदान बरोबरीने तरी हवं. वर्ष-सव्वा वर्षाचा होईपर्यंत ‘मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लासाठी संपूर्ण आहार’ असं लिहिलेलं साधं पाकीट द्या. सगळ्यात महागडं असायची गरज नाही. मात्र त्यावर कॅल्शियमचं सिरप नको. पाकिटात ते पुरेसं असतं, आणि मोठ्या पिल्लाला जास्त झालेलं कॅल्शियमही हाडं बिघडवतं. हे सिरपही दवाखान्यातच मिळतं, बरं का. बरगड्या दिसायला नकोत पण हाताला लागायला हव्यात, एवढंच खाऊ घाला. मोठा होऊन तीस किलोचा झाला की त्याला दिवसाला साधारण चौदाशे कॅलरी, म्हणजे नेहमीच्या दाण्यांचे चारशे ग्रॅम पुरतात. पाकिटामागचा तक्ता याहून जास्त सांगत असेल तर मला नवल वाटणार नाही.

गावठी कुत्रा मोठा आहे, धडधाकट आहे, तर त्याचं घरचं खाणं कशाला मोडायचं? दुरुस्त करा. कालवणाला कांदा-लसूण घालण्याआधी त्याचा वाटा बाजूला काढा. मासा शिजवून, बांगड्याचा मोठा काटा काढून. भात अर्ध्यावर आणा, त्या जागी अंडं, मासा, कोंबडी आणि थोडा लाल भोपळा. सुकट-जवळा द्यायचाच तर मीठ धुऊन, चवीपुरता. काटे-हाडं अजिबात जात नसतील तर अंड्याचं कवच भाजून वस्त्रगाळ करा. पंधरा किलोच्या मोठ्या कुत्र्याला रोज अर्धा चमचा, त्यात साधारण एक ग्रॅम कॅल्शियम येतं. यात झिंक, आयोडीन, काही जीवनसत्त्वं कमी पडू शकतात. म्हणून आठवड्यातले दोन दिवस पाकिटाचे ठेवले तर मी तक्रार करणार नाही.

मांजरांचा दूधभात आधी थांबवा. मांजराला टॉरिन मांस-माशातूनच मिळतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो, हृदय फुगतं. मासा शिजवलेलं पाणी फेकू नका, टॉरिन त्यात उतरतं. कच्चा मासा रोज नको, काही माशांतल्या घटकाने थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट होतं. मुख्य अडचण जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आणि नंतर श्रावणात येते. घर शाकाहारी झालं की मांजरालाही श्रावण पाळायला लावतात, आणि ते त्याला झेपणारं नाही. ज्या घरात एरवीही मासा शिजत नाही तिथे मांजरासाठी मी स्वतः पाकीटच सुचवतो, मार्जिन असो वा नसो.

पावसाळ्यावरून आठवलं. दुकानात पोत्यातून सुटे दाणे किलोवर मिळतात, ते कोकणात जून ते ऑक्टोबर घेऊच नका. लॉट माहीत नाही, तारीख माहीत नाही, आणि आपली हवा अशी की पापड चार दिवसांत मऊ पडतो. मक्यावर बुरशी धरली तर तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत खलास करतं. मोठी बॅग स्वस्त पडते हेही तपासून बघा: पाच किलोचा पॉम दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खातो, पंधरा किलोची बॅग त्याला चार महिने पुरते. तेवढ्यात त्यातलं तेल खवट होतं. महिन्याभरात संपेल तेवढीच बॅग घ्या आणि दाणे डब्यात ओतण्याऐवजी बॅगेसकट डब्यात ठेवा.

डॉक्टरांशी बोलताना ‘तुम्हाला कमिशन किती’ हे विचारू नका. मिळणार ते उत्तर खरं असलं तरी कामाचं नाही. विचारा, हेच पाकीट का, आणि याच्या जोडीचं दुसरं कुठलं चालेल? विचारा, एका वाटीत कॅलरी किती? रोगासाठीचं पाकीट असेल तर कुठल्या रिपोर्टवरून, किती दिवस, आणि पुन्हा तपासणी कधी? माझ्या स्पिट्झच्या मालकांनी हा तिसरा प्रश्न विचारला असता तर मी दुसऱ्याच महिन्यात सावध झालो असतो. छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरांची डब्ल्यूएसएव्हीए ही जागतिक संघटना आहे. पाकीट निवडताना कंपनीला काय विचारावं याची मार्गदर्शिका तिने काढली आहे: आहार कोणी आखला, पोषणतज्ज्ञ नोकरीला आहे का, बनवतं कोण. प्रश्न चांगले आहेत. त्या संघटनेच्या पोषण समितीला मोठ्या कंपन्यांचं पाठबळ आहे आणि ते प्रश्न मोठ्या कंपन्यांना सोपे जातात, तेही लक्षात असू द्या आणि प्रश्न तरीही विचारा.

एखादा डॉक्टर भात-माशाचं नाव काढल्यावर चिडला, तर आधी त्याला थोडी सवलत द्या. त्याला माहीत नाहीये, आणि माहीत नाही हे पेशंटसमोर म्हणणं आमच्या धंद्यात जड जातं. पुढच्या वेळी जाताना कागदावर आठवडाभराचं खाणं लिहून न्या: सोमवारी काय, किती, मासा कुठला, हाडासकट की बिनहाडाचा, जेवणाबाहेर बिस्किटं किती. अंदाजाने नको, वजनकाट्यावर मोजून. भात वाढता ती वाटीही बरोबर न्या. एकदा माझ्याकडे एका बाईंनी ‘एकच वाटी देते हो डॉक्टर’ म्हणून शपथेवर सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी जे आणून टेबलावर ठेवलं त्याला आमच्या घरी पातेलं म्हणतात.